आईची मिसरी

शनिवारी दुपारी आमच्या घरात कोणी बसत नसे. आई चुलीवर काठ तुटलेला जुना तवा चढवायची, त्यावर तंबाखूची पानं चुरून टाकायची आणि ती काळी होईपर्यंत उलथन्यानं हलवत राहायची. त्या धुरानं आधी दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, खोकला लागायचा, मग माझ्या दोन्ही धाकट्या बहिणींना शिंका यायच्या आणि शेवटी खुद्द आईला. तिच्या शिंका लागोपाठ सात-आठ असत. दादा बाहेर लिंबाखाली वह्या तपासत बसलेले असायचे, ते आतल्या शिंका मोजायचे आणि थांबल्या की म्हणायचे, "झाली मिसरी." पानांचा कोळसा झाला की आई तो खलबत्त्यात कुटायची, वस्त्रगाळ करायची आणि पितळेच्या डबीत दाबून भरायची. बोटभर उंचीची डबी, झाकणावर कमळ कोरलेलं. उठल्यावर एकदा, जेवणानंतर एकदा आणि दिवेलागणीच्या आधी एकदा ती तर्जनीनं मिसरी हिरड्यांना घासायची आणि उरलेली चिमूट डाव्या गालात धरून कामाला लागायची. त्या वेळी तिला काही विचारलं तर ती नुसतं "हं" म्हणायची. लहानपणी मला वाटायचं, आयांना दिवसातून तीनदा बोलता येत नाही.

आमचं गाव नगर जिल्ह्यातल्या बेलापूर स्टेशनपासून कोसभर. दादा तिथल्या मिशनच्या शाळेत मास्तर होते. मिशनला तंबाखू चालत नसे, म्हणून पाळकसाहेब गावात आले की डबी बाजरीच्या पिठात जायची. एकदा झाकण नीट लागलं नव्हतं. पाळकसाहेब अर्ध्या भाकरीतच घामाघूम झाले, दादांना वाटलं पित्त झालं, आणि आईनं त्यांना लिंबूपाणी करून दिलं. पुढे कितीतरी वर्षं प्रत्येक नाताळात आई ही गोष्ट दादा ऐकत नाहीत असं बघून सांगायची.

मी सतरा वर्षांची असताना नगरला मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकायला गेले. लढाई चालू होती, रॉकेल मिळत नव्हतं, हिवतापाचं कोयनेल जपून वापरावं लागे, आणि बँडेज आम्ही धुऊन, उकळून, वाळवून पुन्हा गुंडाळत असू. आम्ही आधी पाचजणी होतो. त्यांतली मी सगळ्यांत हुशार, असं मला पहिले पंधरा दिवस वाटलं. मग सुवार्ता आली. ती आमच्याच जिल्ह्यातल्या अकोल्याकडच्या डोंगरातली, आईबाप लहानपणीच गेलेले, मिशनच्या वसतिगृहात वाढलेली. उंचीनं बेताची, बोलायला हळू. मला धडा घडाघडा पाठ यायचा. तिला यायचा नाही. पण वॉर्डातून फिरून आलो की ती म्हणायची, चौथ्या खाटेवरच्या बाईचं पाऊल कालच्यापेक्षा सुजलंय. आणि ते सुजलेलं असायचं. मीही त्याच खाटेजवळून गेलेली असायचे.

इथे एक सांगून टाकते. हेवा म्हणजे काय हे मला त्या दोन वर्षांत कळलं, आणि तेव्हापासून तो माझ्या अंगात मुरलेला आहे. वय झालं की तो जातो असं म्हणतात, पण मी पन्नाशी ओलांडली तरी तसा काही अनुभव नाही. फक्त आता तो आला की मला ओळखू येतो, एवढंच.

आमच्या डॉक्टरबाई नगरच्याच, उत्तरेकडे शिकून आलेल्या. त्यांचं शिकवणं शेतातून चालायचं, कारण आम्ही सगळ्या शेतातून आलो होतो. शरीर म्हणजे पेशींची वस्ती. जखमेतून जंतू आत शिरले की रक्तातल्या पांढऱ्या पेशी गावच्या जागल्यांसारख्या धावून जातात, लढतात, मरतात, आणि पू म्हणजे त्या मेलेल्या जागल्यांचा ढीग. एकदा देवी येऊन गेलेल्या माणसाला पुन्हा सहसा येत नाहीत, कारण जागल्यांना चोराचं तोंड ओळखू येतं. टोचून घेतो तेव्हा आपण त्यांना चोर आधीच दाखवून ठेवतो. आणि मग कॅन्सर. "इथं जागल्या काय करणार?" बाई म्हणाल्या. "चोर बाहेरचा नाहीच. घरातलाच आहे. त्याचं तोंड ओळखीचं." त्यांनी फळ्यावर पाभरीनं पेरल्यासारख्या सरळ रेघा काढल्या. चांगल्या पेशी अशा ओळीनं वाढतात, बांध आला की थांबतात. एकाच जागी रोज रोज घासलं, जाळलं, टोचलं, की तिथल्या पेशी आधी जाड होतात, राठ होतात. मग एखादी ओळ मोडते. मग ती हरळीसारखी पसरते, बांधाखालून शेजारच्या वावरात जाते, आणि वरून कापली तरी मुळाशी राहिलेल्या तुकड्यातून फुटते. "म्हणून ओळ मोडायच्या आधी बघायचं," बाई म्हणाल्या. हे सगळं मी शब्दन् शब्द लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी न चुकता म्हणून दाखवलं.

दवाखान्यात एक सूक्ष्मदर्शक होता, लाकडी पेटीत, कुलूप लावून ठेवलेला. तो सांभाळणारा माणूस लढाईवर गेला होता आणि बाई स्वतःच थुंकी-रक्त तपासत. त्यांनी जाहीर केलं की ईस्टरनंतर आमच्यातल्या एकीला ते काम शिकवणार. पेटीची किल्ली तिच्याकडे राहील. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. बाकी चौघींची मला धास्ती नव्हती.

नाताळच्या सुट्टीत सुवार्ताला जायला घर नव्हतं. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मला म्हणावंच लागलं की आमच्याकडे चल. बेलापूर स्टेशनवर दादा बैलगाडी घेऊन आले होते. उसाच्या वावरांमधून आम्ही घरी पोचलो तेव्हा आईनं तिच्याकडे पाहिलं, तिच्या मनगटाला हात लावला आणि म्हणाली, "किती वाळलीस गं पोरी." मीही वाळले होते. दुसऱ्या दिवशी जेवायला बसलो तर पानात भात. आमच्याकडे भाकरी, भात सणाला. तांदूळ मिळेनासा झाला होता आणि आईनं नाताळसाठी म्हणून दोन शेर जपून ठेवले होते. "ती भातखाऊ मुलखातली हाय," आई म्हणाली. "तिला भाकर कशी जाईल?" भाकर तिला चांगली जायची. वसतिगृहात तिनं आयुष्यभर भाकरच खाल्ली होती. पण ती भात जेवली, आणि नाताळच्या दिवशी आम्ही सगळ्यांनी भाकरी खाल्ल्या. तिसऱ्या दिवशी आईनं तिला सांगितलं की मावशी नको, आई म्हण.

दोघी चुलीपाशी बसायच्या. सुवार्ता पीठ मळायची, आई थापायची. मी पाणी भरायचे, झाडायचे, बहिणींची डोकी विंचरायचे आणि कान तिकडे ठेवायचे. आईनं तिला पाळकसाहेबांच्या भाकरीची गोष्ट सांगितली. सुवार्ता हसली, आणि हसता हसता थांबून म्हणाली, "आई, जरा तोंड उघडा बरं." आईनं गमतीनं आ केला. सुवार्तानं चुलीतली पेटती काटकी उचलून जवळ धरली आणि बराच वेळ पाहिलं. मग तिनं मला हाक मारली.

आईच्या डाव्या गालात आतून एक पांढरा डाग होता, चिंचोक्याएवढा, दुधावर साय धरावी तसा. त्याची एक कड उचललेली होती आणि मधे लाल चीर होती. सुवार्तानं बोट लावून पाहिलं. "कड टणक लागतेय," ती म्हणाली. मी पाहिलं आणि त्याच क्षणी मला फळ्यावरच्या रेघा आठवल्या. रोज घासलेली जागा, जाड झालेली, राठ झालेली. धडा मला पाठ होता. आणि माझ्या आईच्या तोंडातलं माझ्याआधी तिनं पाहिलं होतं, माझ्या घरात, माझ्या चुलीपाशी बसून.

"चहानं भाजलंय," मी म्हणाले. "ती उकळताच पिते."

"कधीपासून आहे, आई?"

"दिवाळीपासनं ठणकतंय थोडं. मिसरी लावली की बरं वाटतं."

"चहानं भाजलेलं चार दिवसांत भरतं, मार्था," सुवार्ता माझ्याकडे न बघता म्हणाली. मी घागर उचलून पाण्याला गेले.

परत गेल्यावर तिनं बाईंना सांगितलं. मला न विचारता. बाईंनी मला बोलावून विचारलं, तेव्हा मी म्हणाले की हो, काहीतरी आहे, पण सुवार्ताला जरा सगळीकडे रोगच दिसतो. बाई म्हणाल्या की पुढच्या महिन्यात त्या बाजूला दौरा आहे, तेव्हा बघू. दौऱ्यावर त्या दोन मुली बरोबर नेत. त्यांनी आम्हा दोघींनाच नेलं.

आमच्या गावी दवाखाना शाळेच्या ओसरीत मांडला. खरूज, डोळे, हिवताप, पोटातले जंत, अशी रांग लागली. मी गोळ्या मोजत होते. आईचा नंबर जवळ आला तेव्हा मी तिला बोलवायला घरी गेले. ती पाठमोरी उभी होती आणि डबी उघडी होती. डबीत बोट बुडवून ती डाव्या गालात चांगली घासत होती, रोजच्या दुप्पट. मला पाहून ओशाळली. "बाई तोंड फाडून बगत्याल," ती म्हणाली. "मग ठणकंल. म्हनून थोडी लावली." मग डबी पिठात खुपसली.

मी तिथेच उभी होते. आतला सगळा गाल काळा झाला असणार आणि बाईंना बॅटरीच्या उजेडात काळ्याखेरीज काही दिसणार नाही, हे मला समजत होतं. मडकं माझ्या हाताशी होतं. तांब्याभर पाणी दिलं असतं आणि तीन गुळण्या करायला लावल्या असत्या, तर काम झालं असतं. मला हेही समजत होतं की काही सापडलं नाही तर सुवार्ता खोटी पडेल, आणि ईस्टर सहा आठवड्यांवर होता. हे दोन्ही विचार मी शेजारी शेजारी केले. पुष्कळांनी मला नंतर समजावलं की त्या वयात माणसाला कळत नाही. मला कळत होतं. मी म्हणाले, "चल, बाई थांबल्यात."

बाईंनी पाहिलं. काळं सगळं. त्यांनी कापसानं पुसायचा प्रयत्न केला, आई कळवळली, मागे रांगेत एक मूल रडत होतं. बाईंनी मिसरीवरून आईला चार शब्द सुनावले, सोडायला सांगितली आणि पुढच्याला बोलावलं. सुवार्ता बॅटरी धरून उभी होती. तिनं आईच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी गोळ्या मोजत राहिले. परतताना मोटारीत बाई तिला म्हणाल्या, "नजर चांगली आहे तुझी, पण खात्री करून बोलावं." ती "हो बाई" म्हणाली. मला इतका आनंद झाला की खिडकीबाहेर बघावं लागलं.

ईस्टरनंतर किल्ली मला मिळाली.

पहिल्या दिवशी बाईंनी मला माझ्याच गालाची आतली बाजू काचेच्या कडेनं हलकेच खरवडायला लावली. ते काचपट्टीवर पसरलं, रंगवलं, आणि मी डोळा लावला. फरशीच्या तुकड्यांसारख्या चपट्या, पसरट पेशी, प्रत्येकीच्या मधोमध एक छोटा ठिपका, सगळ्या एकसारख्या. मला फार आवडल्या. इतकी नीटनेटकी मी आतून असेन असं वाटलं नव्हतं. मग बाईंनी जुन्या पेटीतून एक तयार पट्टी काढली. त्या शिकत असताना आणलेली होती. कोणाच्या तरी गालातला काढलेला तुकडा, चकतीसारखा पातळ कापून बसवलेला. एका कडेला ओळी सरळ होत्या. मग त्या जाड झाल्या. मग एका जागी ओळ फुटली होती आणि तिथून पेशी खाली घुसल्या होत्या, कोणी लहान, कोणी मोठी, ठिपके काळे आणि सुजलेले, एकमेकींच्या अंगावर चढलेल्या. "कुणाचा होता?" मी विचारलं.

"एका बाईचा. मिसरी लावायची. उशिरा आली."

मी नळीवरून डोळा काढला नाही, कारण काढला असता तर बाईंकडे बघावं लागलं असतं. त्या स्थितीतच मी सांगितलं. आईनं मिसरी लावली ती मी पाहिली होती, सुवार्तानं सांगितलेला डाग खरा आहे, कड टणक आहे, दिवाळीपासून आहे. बाईंनी जुनी पेटी बंद केली. मला ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. मग म्हणाल्या, "सकाळच्या गाडीनं जा. आईला घेऊन ये. तोंडाला काही लावू देऊ नकोस." मी दारापर्यंत गेले तेव्हा त्यांनी हात पुढे केला. मी किल्ली दिली.

बेलापूरहून परतीच्या गाडीत आई खिडकीशी बसली होती, पदर गालावर धरून. मिसरी नसल्यानं तिला दुखत होतं. मी तिला तेच सांगितलं जे बाईंना सांगितलं होतं. माझं झाल्यावर ती म्हणाली, "मला ठावं हाय, तू बगत हुतीस."

"मग?"

"तू शिकल्याली. तू बगितलंस आन बोलली न्हाईस. मला वाटलं, म्हंजी काय न्हाई. चालतंय." एवढं बोलून ती बाहेर उसाकडे बघू लागली.

दवाखान्यात तिला सोड्याच्या पाण्यानं गुळण्या करायला लावल्या. डाग आता चिंचोक्याएवढा राहिला नव्हता. बाईंनी त्याच आठवड्यात तिला मुंबईला पाठवलं, दादा बरोबर गेले. गालाचा आतला भाग काढला, डाव्या बाजूच्या दाढा काढल्या, मग रेडियमच्या सुया बसवल्या. तिथल्या सर्जननं बाईंना पत्र लिहिलं. बाईंनी ते मला वाचायला दिलं, मुद्दाम. गाठ वेळेत निघाली आहे, असं त्यात होतं. आणि पुढे होतं की दोन महिने आधी आली असती तर जबड्याला हात लावावा लागला नसता.

आई त्यानंतर एकोणीस वर्षं जगली. डावा गाल आत ओढलेला, तोंड दोन बोटांहून जास्त उघडत नसे. भाकरी ती दुधात कुस्करून खायची. सुट्टीला घरी गेले की मी तिच्या समोर बसायचे आणि तिला ती कुस्करताना बघायचे. तिनं मला त्याबद्दल कधी एक शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं झालं असतं, हे तिला माहीत होतं की नाही, मला सांगता येणार नाही.

मुंबईहून परतताना ती नगरला दोन दिवस थांबली होती. निघायच्या वेळी आम्ही दोघी तिच्या खाटेपाशी होतो. तिनं पिशवीतून पितळेची डबी काढली. रिकामी केलेली, राखेनं घासून लख्ख केलेली. माझा हात आपसूक पुढे झाला. तिनं डबी सुवार्ताच्या हातात दिली. तोंड नीट उघडत नव्हतं तरी ती स्पष्ट बोलली, "तुज्यापाशी ठिव. मी मागितली तर मार्थी मला दील. तू देनार न्हाईस."

सुवार्तानं डबी पदराला पुसली आणि घेतली. किल्ली तिच्याकडे आधीच गेली होती. पुढे तिनं त्या सूक्ष्मदर्शकावर अठ्ठावीस वर्षं काम केलं, आणि मी वॉर्ड सांभाळला. वॉर्ड मी चांगला सांभाळला. कोणाही बाईला तपासायच्या आधी माझ्या वॉर्डात तोंड धुवायला लावत, आणि नव्या मुली त्यावरून माझी नक्कल करत.

गेल्या महिन्यात मी तिच्याकडे गेले होते. आता दोघीही जवळजवळ निवृत्तीला आलो आहोत. डबी तिच्या टेबलावर असते. बरीच वर्षं तिनं त्यात पट्टीवर ठेवायच्या पातळ काचा ठेवल्या, आता टाचण्या ठेवते. ती आत चहा करत होती. मी झाकण उघडून नाकाशी नेलं. इतक्या वर्षांनी वास उरणं शक्य नाही, हे मला कळतं. तरी शिंक आली, आणि मग दुसरी, तिसरी. लागोपाठ सात.

सुवार्ता कप घेऊन दारात उभी होती. "बघ," ती म्हणाली, "म्हणूनच तुला देत नाही."

तिचं बरोबर होतं. मला राग आला, आणि मी चहा प्यायले.